साठच्या काट्यावरची थरथर

उमरेड रोडवर दिघोरी मागे पडलं, रस्ता मोकळा झाला आणि रुपराव झाडे यांनी जिप्सी चौथ्या गिअरमध्ये टाकली. सर्व्हिसिंगनंतर गाडी पहिल्यांदाच शहराबाहेर निघाली होती. काटा पन्नासपर्यंत गेला, काही नाही. साठला टेकला आणि सीटखालून थरथर वर आली. स्टिअरिंगमध्ये नव्हती, ब्रेकच्या पायडलमध्ये नव्हती, बुडाखाली होती. बाजूच्या सीटवर ठेवलेल्या जेवणाच्या डब्याचं झाकण वाजू लागलं. त्यांनी पाय काढला. काटा खाली आला, झाकण गप्प. पुन्हा साठ, पुन्हा झाकण.

पाचगावच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. चारही चाकांचे नट हाताने चाचपले, खाली वाकून पाहिलं, आणि आजूबाजूला कोणी नसताना मोठ्याने म्हणाले, "धम्मानंदनं वाट लावली गा गाडीची."

पुढचे कित्येक दिवस हेच वाक्य ते आजूबाजूला लोक असतानाही म्हणत होते.

रुपराव पंचावन्नच्या पुढचे आहेत. कुही तालुक्यातल्या त्यांच्या गावी भावांची शेती आहे. रुपरावांच्या वाट्याचं वावरही भाऊच वाहतात, आणि ट्रॅक्टरने वाहतात. रुपराव तरुणपणी नागपूरला आले, ठेकेदारांच्या जीप चालवल्या, नंदनवनमध्ये दोन खोल्या बांधल्या आणि शेवटी एक जुनी जिप्सी विकत घेतली. चारही चाकं ओढणारी ही गाडी उमरेडच्या बाजूच्या जंगलात एका गेटवरून पर्यटकांना फिरवते. गेटवर प्रत्येक गाडीला नंबर आहे आणि पाळी नंबरानेच लागते. रुपरावांचा नंबर नऊ.

पावसाळ्यात जंगल बंद असतं. ते उघडण्याआधी चालक-मालकांची समिती एकेक गाडी तपासते. नापास झालेल्या गाडीला आणखी एक संधी मिळते. तीही हुकली, तर नंबर वाट बघत असलेल्या पुढच्या गाडीला जातो. गेलेला नंबर परत मिळाल्याचं गेटवर कोणालाच आठवत नाही. यंदा वाट बघणाऱ्यांत पहिला होता प्रीतम, आणि त्याची गाडी गणपतीच्या आधीपासूनच तयार होती.

रुपरावांविषयी गेटवर दोन गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. एक, त्यांच्या गाडीखाली पांढरा शर्ट घालून झोपलं तरी शर्ट मळत नाही. दुसरी, त्यांना थट्टा सोसत नाही. एका ड्रायव्हरने त्यांना सारखं फडकं मारताना पाहून 'पुसराव' म्हटलं होतं. तो अख्खा हंगाम रुपराव त्याच्यासोबत चहाला बसले नाहीत.

धम्मानंद मेश्राम यांचं गॅरेज जरीपटक्यात आहे. आजोबा गिरणीत होते, वडील रेल्वेच्या यार्डात. धम्मानंद फक्त चार चाकं ओढणाऱ्या गाड्यांची कामं घेतात आणि गेटवरच्या अर्ध्या गाड्या त्यांच्याकडेच येतात. काम झालं की गाडी स्वतः कामठी रोडवर सत्तरपर्यंत पळवून बघायची आणि मगच मालकाला फोन करायचा, हा त्यांचा शिरस्ता आहे. रुपरावांना तो माहीत होता. पाचगावहून गाडी थेट जरीपटक्याला आणली, त्या दिवशी मात्र त्यांनी तो मानला नाही.

"काय भाऊ, बरोबर चालून राहिली ना गाडी?" धम्मानंदांनी विचारलं.

"चालून नाही, नाचून राहिली. बस, दाखवतो तुले."

कामठी रोडवर स्टिअरिंग धम्मानंदांनी घेतलं. साठला थरथर आली. त्यांनी गाडी न्यूट्रल केली. इंजिन सुटं झालं, पण थरथर तशीच राहिली.

"इंजिन नाही," धम्मानंद म्हणाले. "क्लचही नाही. खालून आहे."

"खालून आहे हे मलेही समजते. खालचं काम कोणं केलं?"

"मी केलं."

"मंग?"

"मंग काय भाऊ? माझ्याकडून गेली तवा नव्हती. याच रोडवर सत्तरले नेऊन पाह्यली होती."

"मी होतो का तवा बाजूले?"

"नाही."

"मंग तू म्हणते म्हणून मानू?"

धम्मानंदांनी गाडी वळवली. गॅरेजला परत आल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, जो कोणत्याही मेकॅनिकने आधी विचारायला हवा. "गाडी नेल्यावर कोणं हात लावला का? वॉशिंगवाला, पंक्चरवाला, कोणी?"

"माझ्या गाडीले कोणी हात लावते का?" रुपराव म्हणाले. "दारात उभी होती. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक झाली, गाडी हालली नाही. निघाली ते आज निघाली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. जरीपटक्याहून नंदनवनला गाडी नेताना शहराच्या गर्दीत काटा चाळिशीच्या वर गेला नव्हता. म्हणजे सर्व्हिसिंग झालं आणि त्यानंतरच्या पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर गाडी थरथरली, मध्ये काहीच नाही. कोणीही मेकॅनिकलाच धरलं असतं.

गाडीच्या पोटाखाली एक लांब लोखंडी नळा असतो, गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा. त्याला शाफ्ट म्हणतात. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या चाकांसाठी तसाच आणखी एक असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, त्यांना क्रॉस म्हणतात. सर्व्हिसिंगमध्ये धम्मानंदांनी मागच्या शाफ्टचे क्रॉस बदलले होते. संशय तिथेच जाणार हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून धम्मानंदांनी सुरुवात दुसरीकडून केली.

चाकांचं बॅलन्सिंग झालं. पुढची चाकं मागे, मागची पुढे झाली. थरथर जागची हलली नाही. पुढचा शाफ्ट काढून गाडी पळवली, थरथर होतीच. मग मागचा शाफ्ट काढला आणि गाडी नुसत्या पुढच्या चाकांच्या ओढीवर पळवली. काटा साठवर, सत्तरवर. डब्याचं झाकण वाजलं नाही.

"म्हंजे मागचाच शाफ्ट," धम्मानंद म्हणाले.

"म्हंजे तुहंच काम," रुपराव म्हणाले.

शाफ्ट टेबलावर आला. धम्मानंदांनी तो फिरवून पाहिला. कुठे वाकलेला नव्हता. सर्व्हिसिंगच्या वेळी उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंच ठोकून केलेल्या खुणा जुळत होत्या. म्हणजे जसा निघाला तसाच बसला होता. क्रॉस हाताला मोकळे फिरत होते. तरी त्यांनी ते काढून फेकले आणि पदरचे नवे घातले. रुपराव बाकावर बसून क्रॉस अडकवून ठेवणारी प्रत्येक सर्कलिप बसताना बघत होते. गाडी पुन्हा कामठी रोडला गेली. साठला थरथर आली.

परतल्यावर धम्मानंदांनी पाना भिंतीवर फेकला. गॅरेजमधलं दुसरं काम थांबलं.

"पाना काहून फेकतं? गाडी माझी खराब झाली, का तुही?" रुपराव म्हणाले.

"भाऊ, मी खोटं नाही बोलून राह्यलो."

"मी कुठं म्हटलं खोटं बोलते? म्हटलं, काम येत नाही."

हे वाक्य धम्मानंदांना जास्त लागलं. रुपराव गाडी घेऊन निघून गेले. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने आवाज ऐकूनच सांगितलं की गिअरबॉक्सखालचे रबर गेले आहेत. ते बदलले. मग तो म्हणाला, मागच्या एक्सलचं बेअरिंग असेल. तेही बदललं. मग तो म्हणाला, जुनी गाडी आहे काका, थोडं चालायचंच. रुपरावांनी तिथून निघताना साठच्या वर जायचं सोडूनच दिलं होतं. नंदनवनच्या गल्लीत गाडी लावली, फडकं काढलं आणि बॉनेट पुसलं. त्याशिवाय त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

दरम्यान गेटवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी धम्मानंदांचं नाव घेऊन सगळं सांगितलं होतं. दोन मालकांनी आपल्या गाड्या जरीपटक्याहून उचलून दुसरीकडे नेल्या.

पहिल्या तपासणीत नऊ नंबर नापास झाला. समितीने तपासणीसाठी बोलावलेले सुमंत सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेत असत. ते कोणाशी हुज्जत घालत नाहीत.

"सर, जंगलात वीसच्या वर कोण चालवते?" रुपरावांनी विचारलं. "साठची थरथर पाहून काय करता?"

"थरथरीने खालचे बोल्ट सैल होतात," सुमंत सर म्हणाले. "ते साठला सैल होतात आणि वीसला पडतात. गाडी वाघासमोर बंद पडली, तर ढकलायला तुम्ही उतरणार की मी?"

समितीचा सचिव सुशील हसला. प्रीतम हसला नाही, पण जवळ येऊन उभा राहिला. दुसरी तपासणी गेट उघडायच्या आदल्या दिवशी होती.

त्याच आठवड्यात धम्मानंद स्कूटरने नंदनवनला आले. बोलावलं कोणी नव्हतं. दारातल्या रुपरावांनी त्यांना पाहिलं आणि पुन्हा मडगार्ड पुसायला लागले. आत बोलावलं ते रुपरावांच्या बायकोने, गोपिकाबाईंनी.

"या ना जी, बाहेर काहून उभे? च्या ठेवते."

"भाऊ," धम्मानंद खुर्चीवर बसत म्हणाले, "माझ्या दोन गाड्या गेल्या. मी भांडाले नाही आलो. एकडाव शाफ्ट पाहू द्या."

"तीनदा पाह्यला."

"वहिनी, तुम्ही सांगा," धम्मानंद गोपिकाबाईंकडे वळले. "माझ्याकडून गाडी आल्यावर याहिनं कुठं दाखवली होती का?"

"नाही जी. कुठं दाखवतीन? मलेही हात लावू देत नाहीत तिले. मी तं फक्त हळद वाटून दिली, लोणी काढून दिलं. तेवढंच."

"हळद?"

"खांद शेकाले."

रुपराव दारातून ओरडले, "ते काहून मधात आणून राहिली वं? तो सण आहे. ते काय काम होय?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घरी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ज्या जागी बसतं तिथे हळद आणि लोणी चोळायचं, पळसाच्या पानाने शेकायचं, आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गावाकडचे बैल विकले गेले त्या वर्षापासून रुपराव ते जिप्सीला करतात. दाराशी, एकटे, पडदा लावून. गेटवर हे कोणाला माहीत नव्हतं. धम्मानंदांच्या घरी बैल कधीच नव्हते. पोळा म्हणजे त्यांच्या लेखी लेकरांचे लाकडी बैल आणि मारबतीच्या दिवशी बंद होणारे रस्ते.

त्यांनी हसू येऊ दिलं नाही. "भाऊ, गाडीचा खांद कोणता?"

रुपराव आत आले. फडकं त्यांच्या हातातच होतं. "ज्याच्यावर ओढ येते तो."

"म्हंजे शाफ्ट."

"मंग काय बॉनेट?"

"त्याले काय काय केलं?"

"दरसाल करतो ते. घासला, तेलपाणी केलं, हळद-लोणी लावलं, मंग पुसून काळा रंग मारला. यंदा तू क्रॉस टाकताना शाफ्ट लख्ख साफ करून दिला होता, म्हणून एक गाठ दिसली. आधी दरसालच्या रंगाच्या थरात दिसत नव्हती."

"गाठ?"

"वेल्डिंगची. बोटाएवढी पट्टी होती चिकटलेली. कोण्या तरी गबाळ्यानं काम करून सोडून देल्ली, मले वाटलं. बैलाच्या खांदावर जुवानं गाठ येते, तिच्यावर जू ठेवलं का जनावर हापटते, अंग झटकते. बाबा शेकून शेकून ती बसवत. ही लोखंडाची, शेकून काय बसते? छन्नीनं उडवली. वरून कानस मारली. बोट फिरवलं तं कुठं लागत नव्हतं."

धम्मानंदांनी कप खाली ठेवला.

"भाऊ, ते वजन होतं."

"कशाचं वजन?"

"शाफ्टचं. नळा कितीही चांगला बनवला तरी एका बाजूनं थोडा भारी राहते. कंपनीवाले मशीनवर फिरवून पाहतात अन् हलक्या बाजूले पट्टी चिकटवतात. ती काढली का शाफ्ट हापटते. तुम्ही गाठ काढली नाही, गाठ आणली."

गोपिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग तं सोपं आहे ना? परत चिकटवा."

"पट्टी कुठं आहे?" धम्मानंदांनी विचारलं.

"कचऱ्यात गेली तवाच," रुपराव म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. "तू इचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं!"

"इचारलं होतं मी! कोणं हात लावला का म्हणून!"

"हात लावला का इचारलं. सण केला का, असं नाही इचारलं."

धम्मानंदांनी डोक्याला हात लावला. मग राग स्वतःवरच काढत म्हणाले, "शाफ्ट माझ्याकडून गेला तवा राखाडी होता. परत आला तं काळा. मले दिसला होता तो काळा. म्हटलं, रुपरावभाऊची गाडी, नेहमीचंच. तीनदा हातात घेतला अन् तीनदा म्हटलं."

शाफ्ट तिथेच दारात काढला. काळ्या रंगावर धम्मानंदांनी पॉलिश पेपर फिरवला, तेव्हा खाली कानशीने घासलेली एक चौकोनी जागा चमकली. काम खरोखर सफाईदार होतं.

अंदाजाने पट्टी लावून उपयोग नव्हता. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये शाफ्ट फिरवून तोलायची मशीन आहे. दोघे धम्मानंदांच्या स्कूटरवर निघाले. धम्मानंद चालवत होते. मागे बसलेल्या रुपरावांनी शाफ्ट उभा धरला होता, एक टोक पायाशी आणि दुसरं खांद्यावर. रस्ताभर ते एवढंच बोलले की खड्डा बघून घे. मशीनवर शाफ्ट फिरला, कारागिराने एक पट्टी चिकटवली, पुन्हा फिरवला, जागा जरा सरकवली, पुन्हा फिरवला. रुपराव शेजारी उभे राहून बघत होते. पट्टीच्या कडेला वेल्डिंगचे थेंब राहिले होते. ते पाहून त्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला.

"भाऊ," धम्मानंद म्हणाले.

रुपरावांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या तपासणीला धम्मानंद गेटवर आले होते. दोन गेलेल्या गाड्यांचे मालकही तिथे होते. सुमंत सर गाडी घेऊन उमरेड रोडला गेले आणि परत आले. इंजिन बंद केलं.

"थरथर नाही," ते म्हणाले. "काय निघालं?"

"शाफ्टचं वजन पडलं होतं," रुपराव म्हणाले. "नवं लावलं."

"पडलं? वेल्डिंगचं वजन आपोआप पडत नाही. आणि या शाफ्टचं पडत असेल तर उद्या नवंही पडेल." सुमंत सरांनी चष्मा काढला. "कारण कळल्याशिवाय मी पास म्हणणार नाही. शाफ्ट बदला."

जिप्सीचा शाफ्ट संध्याकाळपर्यंत मिळणं शक्य नव्हतं. जुना, भंगारातल्या जिप्सीतून उतरवलेला शोधायला आठवडा गेला असता. प्रीतमने आपल्या गाडीची किल्ली खिशातून काढून हातात घेतली. सुशीलने रुपरावांकडे पाहिलं, मग धम्मानंदांकडे. "का हो मिस्त्री, तुमच्याच हातानं निघालं का?"

धम्मानंद उत्तर देऊ शकत होते. त्यांनी दिलं नाही. ते रुपरावांकडे बघत राहिले.

"त्याच्या हातानं नाही," रुपराव म्हणाले. "माह्या हातानं. मी छन्नीनं काढलं."

"काहून?" सुशीलने विचारलं.

रुपरावांनी सभोवार पाहिलं. गेटवरचे सगळे ड्रायव्हर होते, गाइड होते, चहावाला होता. 'पुसराव' म्हणणारा ड्रायव्हरही होता.

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. खांद शेकत होतो गाडीचा. गाठ वाटली म्हणून काढली."

आधी चहावाला हसला आणि त्यानंतर थांबवणं कोणाच्याच हातात राहिलं नाही. एकाने बॉनेटवर हात ठेवून हंबरून दाखवलं.

"काय जी रुपरावजी," सुशील डोळे पुसत म्हणाला, "आवतन देल्लं होतं का जिप्सीले?"

"देल्लं होतं," रुपराव म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"मंग जेवाले आली का नाही?"

सुमंत सर हसले नाहीत. त्यांनी वाकून शाफ्टवरची नवी पट्टी पाहिली, बोटाने चाचपली. "कारण पटलं," ते म्हणाले. "नऊ नंबर पास. आणि झाडे, पुढच्या वर्षी हळद टायरला लावा." प्रीतमने किल्ली परत खिशात टाकली.

रुपरावांनी धम्मानंदांची माफी मागितली नाही. धम्मानंदांना विचारलं तर ते म्हणतात, वाटही पाह्यली नव्हती. गेलेल्या दोन गाड्यांपैकी एक जरीपटक्याला परत आली. दुसरी आली नाही.

गेट उघडलं त्या सकाळी नऊ नंबरच्या बॉनेटवर कोणी तरी बैलाची घुंगरमाळ बांधून ठेवली होती. आता गेटवर त्या गाडीला कोणी नऊ नंबर म्हणत नाही, बैल म्हणतात. त्या सकाळी पाळी पुकारली गेली तेव्हाही सुशील तेच ओरडला. पर्यटक गाडीत बसले होते, एक बाई मोबाइलवर माळेचे फोटो काढत होती. रुपराव उतरले, माळ सोडली, ती जिथे टेकली होती तिथलं बॉनेट फडक्याने पुसलं आणि माळ सुशीलच्या हातात दिली.

"धर," ते म्हणाले. "तुह्याच गळ्यात बांध."

मग गाडीत बसले आणि फाटकातून आत गेले.